शपथ झाली, आता खरं सांगा : कोल्हापूरच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचे सर्व मुख्याध्यापक,

सप्रेम नमस्कार.

26 जून आला की आपल्याकडे शाहू जयंतीची गडबड असते. दसरा चौकात पुतळ्याला हार, लेझीम, प्रभातफेरी. जागतिक अमली पदार्थविरोधी दिनही नेमका याच तारखेला येतो. संयुक्त राष्ट्रांनी तो 1987 साली ठरवला. त्यामुळे बऱ्याच शाळांत एकाच सकाळी दोन्ही कार्यक्रम उरकतात. महाराजांवर दोन भाषणं, मग उजवा हात पुढे करून व्यसनमुक्तीची शपथ, मग खाऊ, मग सुट्टी.

मी मंगळवार पेठेत 22 वर्षं औषधांचं दुकान चालवतो. त्या नात्यानं एका शाळेनं मला अशा कार्यक्रमाला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. शपथ सांगायला जे सर उठले, त्यांनी आधी खिडकीशी जाऊन तोंडातला मावा थुंकला, रुमालानं ओठ पुसले आणि माइक हातात घेतला. पहिल्या रांगेतल्या पोरांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. सर माणूस म्हणून वाईट नाहीत, गणित तर उत्तम शिकवतात. पण त्या सकाळी शपथेचं जे व्हायचं ते तिथंच होऊन गेलं.

हे पत्र त्या सरांबद्दल नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या दुकानासमोर जे घडलं, त्याबद्दल आहे.

मे महिना, रात्रीचे साडेदहा. शटर निम्मं ओढून मी हिशोब करत होतो. मोपेडवरून तीन पोरं आली. एक चालवणारा, एक मागं, आणि मध्ये दाबून धरलेला तिसरा. मागचा उतरला, शटरखाली वाकला आणि म्हणाला, “काका, उतरायचं औषध द्या की.”

“काय घेतलंय?”

“काय न्हाई, जरा बिअर.”

बाहेर येऊन बघितलं. मधल्या पोराची मान लुळी, श्वास घोरल्यासारखा आणि मध्येच थांबणारा, ओठ निळसर. शर्ट ओला, खिशापाशी लिंबाची साल चिकटलेली. रंकाळ्यावर दोघांनी त्याला लिंबू पिळून पाजायचा प्रयत्न केला होता. डोक्यावर पाणी ओतलं, गालावर थपडा मारल्या, उभं करून चालवायला बघितलं. दीड तास हे चाललं होतं. खोदून खोदून विचारल्यावर एकजण खाली मान घालून बोलला, “आज्जीच्या झोपंच्या गोळ्या हुत्या. दोन घेतल्या त्यानं.”

मी त्याला दुकानाच्या पायरीवर कुशीवर निजवला. रिक्षा थांबवली आणि तसाच कुशीवर धरून सीपीआर या सरकारी दवाखान्यात नेला. वाटेत त्याला उलटी झाली. कुशीवर होता म्हणून ती बाहेर पडली, पाठीवर असता तर श्वासनळीत गेली असती. दोन दिवसांनी पोरगं शुद्धीवर आलं, चौथ्या दिवशी घरी गेलं. आता बारावीला आहे. बाकीच्या दोघांना मी नंतर विचारलं, लगेच का नाही आणलंत? एक म्हणाला, पोलीस केस होईल म्हणून भ्यालो. दुसऱ्यानं मलाच विचारलं, “बिअरनं माणूस मरतोय व्हय, काका?”

हे तिघंही तुमच्यापैकीच कुणाच्या तरी शाळेतले. तिघांनी शपथ घेतलेली. एकाला तर व्यसनमुक्तीच्या पोस्टर स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालेलं. कवटी, इंजेक्शन आणि खाली रक्ताचे थेंब, असं त्याचं चित्र होतं. पण दारू आणि झोपेची गोळी दोन्ही मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या केंद्राला मंद करतात, एकावर एक घेतल्या तर श्वास थांबू शकतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लिंबू, दही, काळी कॉफी, गार पाणी यांतल्या कशानंही रक्तातली दारू उतरत नाही, ती यकृत आपल्या वेगानं काढतं, हेही नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालायचं नाही, त्याला कुशीवर ठेवायचं, एकटं सोडायचं नाही, 108 ला फोन करायचा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगायचं. शाळेत शिकवायला ही चार वाक्यं आहेत. पाच मिनिटं लागतात.

मला कल्पना आहे, तुमच्यातले काही जण आता म्हणतील, असलं शिकवलं तर पोरांना वाटेल घ्यायला हरकत नाही, नंतर कुशीवर झोपवलं की झालं. याचं उत्तर आपल्या गावातच आहे. पंचगंगेच्या काठानं राहणाऱ्या घरांत पोराला पोहायला कसं शिकवतात? पाठीला पत्र्याचा डबा बांधतात आणि काका-मामा पाण्यात उतरून हात धरतात. पोहायला येतं म्हणून कुणी पुरात उडी घेत नाही. उलट ज्याला येतं त्याला भोवरा कुठं पडतो ते कळतं. 2019 आणि 2021 चे पूर आपण बघितले. पाण्यापासून लांब राहा असं घाटावर लिहून काम भागलं असतं तर गावाला बोटी आणाव्या लागल्या नसत्या.

नशेच्या बाबतीत मात्र आपण नुसती पाटी लावतो, आणि वर पाटीवर खोटं लिहितो.

कसलं खोटं? ‘एकदा घेतलं की संपलं.’ पोरगं आपल्या चुलतभावाला बघतं. त्यानं कॉलेजात चार वेळा गांजा ओढला, आता तो नोकरीला आहे, लग्नही झालंय. म्हणजे सर खोटं बोलले. मग सरांनी एमडी नावाच्या नशेच्या पावडरीबद्दल जे सांगितलं तेही खोटंच असणार. पोरांचा हिशोब सरळ असतो, आणि आपणच त्यांना तो करायला लावतो. गांजा, एमडी, दारू, झोपेच्या गोळ्या, व्हाइटनर या सगळ्यांना ‘अमली पदार्थ’ या एकाच पोत्यात कोंबलं, की पोत्यातली एक वस्तू निरुपद्रवी वाटल्याबरोबर सगळं पोतंच निरुपद्रवी ठरतं.

खरं सांगायला काय जातं? गांजा ओढणारे बहुतेक जण वेडे होत नाहीत, हे खरं. पण ओढणाऱ्या साधारण दहांतल्या एकाला त्याची सवय जडते, आणि पोरवयात सुरुवात केली तर हे प्रमाण सहांत एकावर येतं, हेही तितकंच खरं. ज्याच्या घरात स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे, त्याच्यासाठी गांजा म्हणजे पेटलेली काडी. पुढचा-मागचा विचार करणारा मेंदूचा पुढला भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून पंधराव्या वर्षी जे होतं ते तिशीतल्या माणसाला होतं तसं होत नाही. ‘थांब, एवढ्यात नको’ हे पोराला पटतं. ‘हात लावलास की मेलास’ हे पटत नाही.

त्याच कार्यक्रमात मी एक केलं. भाषण दहा मिनिटांत संपवलं आणि नववी-दहावीच्या मुलामुलींना कोरे कागद वाटले. नाव लिहायचं नाही, काय विचारायचं ते विचारा. खोक्यात 84 चिठ्ठ्या पडल्या. कोकेनबद्दल एकही नव्हती. पोस्टरवर काढतो त्यातलं काहीच पोरांच्या डोक्यात नसतं.

“भांग आणि गांजा एकच काय?” ही चिठ्ठी वेगवेगळ्या अक्षरांत सहा वेळा आली. झाड एकच. गांजा म्हणजे फुलोरा, भांग म्हणजे पानं, आणि 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं नुसती पानं गांजाच्या व्याख्येतून वगळली आहेत. पण पोटात गेल्यावर कायदा विचारायला येत नाही. रंगपंचमीला थंडाईचा एक पेला घेतात, अर्धा तास काही होत नाही, मग ‘ह्यात काय दम न्हाई’ म्हणत अजून दोन घेतात. धुरातून आलेली नशा मिनिटांत चढते, पोटातून आलेली तास-दोन तास घेते. मग सगळी एकदम चढते, छाती धडधडते, मरतोय असं वाटतं, आणि संध्याकाळी घरचे आमच्या दुकानात येतात. दरवर्षी येतात. एवढी एक गोष्ट फाल्गुनात वर्गात सांगितली तरी निम्मी गर्दी कमी होईल.

“जिममधलं इंजेक्शन घेतलं की स्टॅमिना वाढतो का?” कुस्तीच्या गावात हा प्रश्न यायचाच. मेफेंटरमाईन नावाचं औषध आहे. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला डॉक्टर ते वापरतात. धडधाकट पोरानं घेतलं की धाप लागत नाही, थकवा कळत नाही, वजन उचललं जातं. थकवा जात नाही, कळायचा थांबतो. हृदय तर पळतच असतं. वर रक्तदाब चढलेला, ठोका चुकतो, काहींना भास होतात, आणि सुई एकमेकांत फिरली तर कावीळ, एचआयव्ही. तालमीत वस्ताद सांगतात तसं खुराक, मेहनत आणि झोप, बाकी सगळं उसनं, हे पोरं ऐकतात. पण आधी ते इंजेक्शन काय आहे हे सांगावं लागतं. नाहीतर विकणारा सांगतोच, आणि तो ताकदीचं म्हणून सांगतो.

एमडीबद्दल आठ-दहा चिठ्ठ्या होत्या. तुमच्यातले जे म्हणतात की ही मुंबई-पुण्याची थेरं, त्यांना आठवण करून देतो. नोव्हेंबर 2021 मध्ये मुंबई पोलिसांच्या पथकानं एमडीचा कारखाना पकडला तो आपल्याच जिल्ह्यात, चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत, एका फार्महाऊसवर. 2024 साली शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कवठेमहांकाळ तालुक्यात तसाच दुसरा. एमडी म्हणजे मेफेड्रोन. त्याची नशा थोडा वेळ टिकते आणि उतरताना माणूस इतका खचतो की लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं. आणि पुडीत नक्की काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. माझ्या दुकानातल्या प्रत्येक गोळीवर बॅच नंबर असतो, पुडीवर नसतो. पोरांना हा मुद्दा कवटीच्या चित्रापेक्षा लवकर कळला, असा माझा अनुभव.

आता एक गोष्ट खास तुमच्यासाठी, शिक्षकांसाठी. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन हुंगणारी पोरं आठवी-सातवीतली असतात, कधी त्याहून लहान. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत 0.58 टक्के आणि मुलांत 1.17 टक्के निघालं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त असलेली ही एकच नशा. या वाफांनी हृदय असं हळवं होतं की अचानक भीती बसली किंवा जोरात पळालं तर ठोका बिघडून जागच्या जागी मरण येऊ शकतं, अगदी पहिल्या वेळीही. तेव्हा शाळेच्या मागच्या भिंतीआड पोरगं हुंगताना दिसलं तर ओरडू नका. छडी घेऊन मागे धावू तर अजिबात नका. शांतपणे जवळ जा, मोकळ्या हवेत बसवा, मग काय ते बोला.

आणि मावा. मी वर्गात सगळ्यांना तीन बोटं उभी जुळवून तोंडात घालायला लावली. हसाहशी झाली. मागच्या बाकावरच्या एका मुलाची दोनच गेली. तो हसत होता, मग थांबला. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढं कर्करोगाची शक्यता वाढते. तंबाखू नसली तरी नुसती सुपारी कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 सालीच सांगून ठेवलंय. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे, ती 2003 च्या कायद्यानं. तुमच्या गेटपासून शंभर पावलं चालून बघा. मी बघितलंय.

सगळ्या चिठ्ठ्यांत एक निळ्या शाईची होती. “माझा दादा घेतो. पोलिसांना न कळता त्याला कुठं न्यायचं?”

ती मुख्याध्यापकांच्या हातात आधी पडली. त्यांनी वाचून घडी घातली आणि खिशात ठेवायला लागले. ‘कुणाची आहे ते शोधतो,’ म्हणाले. त्यांची काळजी खरी होती, पण मी ती चिठ्ठी मागून घेतली आणि माइकवरच उत्तर दिलं. ते इथं पुन्हा लिहितो, कारण हे प्रत्येक शाळेच्या फळ्यावर असायला हवं. सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथं जायचं. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन 14446, मन मोकळं करायला टेलि-मानस 14416. आणि त्याच 1985 च्या कायद्यात 64-अ हे कलम आहे. व्यसन लागलेला माणूस आपणहून उपचाराला गेला आणि त्यानं उपचार पूर्ण केले, तर नशा केल्याबद्दल किंवा थोडा साठा जवळ बाळगल्याबद्दल त्याच्यावर खटला चालवला जात नाही. त्या दोन पोरांना रंकाळ्यावर एवढं जरी माहीत असतं की दवाखाना म्हणजे पोलीस ठाणे नव्हे, तर दीड तास वाया गेला नसता. अल्पवयीन मुलाला नशेची वस्तू देणाऱ्या मोठ्या माणसाला मात्र 2015 च्या बालन्याय कायद्यानं सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पोरांना हेही सांगा. कायदा त्यांच्यावर टपलाय असंच त्यांना वाटतं, त्यातला काही भाग त्यांच्या बाजूनं आहे हे कुणी बोलतच नाही.

शिकवायची पद्धत काय, यावर जगानं बरंच डोकं आपटून घेतलंय. अमेरिकेत 1983 साली लॉस एंजेलिसला ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम निघाला. गणवेशातले पोलीस वर्गावर यायचे आणि नशेला नाही म्हणा असं शिकवायचे. देशभर पसरला, प्रचंड पैसा गेला. मग अभ्यास झाले आणि दिसलं की शिकलेल्या आणि न शिकलेल्या पोरांत पुढं म्हणण्यासारखा फरकच नाही. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी 2018 साली मिळून काढलेल्या मानकांत स्पष्ट आहे की एकतर्फी भाषण, भीती घालणं आणि व्यसनातून बाहेर आलेल्याला स्टेजवर उभं करून रडवणं यानं उपयोग होत नाही. नेमकं हेच आपण 26 जूनला करतो. उपयोग होतो तो थोड्या थोड्या दिवसांनी, नेहमीच्या शिक्षकानं, पोरांना बोलतं करून घेतलेल्या तासांचा. मित्र आग्रह करतोय तेव्हा मैत्री न तोडता कसं सटकायचं, हे वर्गात करून बघायचं. ‘भावा, आज नको, उद्या मॅच हाय’ हे वाक्य तोंडात बसलेलं असलं की वेळेला बाहेर पडतं. शिवाय पोरांना वाटतं तितकी पोरं नशा करत नाहीत. सगळेच करतात या समजुतीनं बरीचशी सुरुवात होते, तेव्हा बहुतेक जण करत नाहीत हे त्यांना आकड्यानं दाखवा.

आता आमच्याकडचं थोडं कबूल करतो. झोपेच्या गोळ्या, खोकल्याची काही औषधं शेड्यूल एच-वन या औषधांच्या सरकारी यादीत येतात. 1 मार्च 2014 पासून त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिल्या, सगळं. बहुतेक दुकानदार ठेवतात. काही ठेवत नाहीत, आणि ते कोण हे धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. आम्ही आमच्या संघटनेत भांडतोय. पण त्या रात्रीच्या गोळ्या कुठल्याही दुकानातून आल्या नव्हत्या, देव्हाऱ्याशेजारच्या कपाटातून आल्या होत्या, रीतसर चिठ्ठीवर आज्जीसाठी घेतलेल्या. म्हणून पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर एवढंही सांगा की घरातल्या गोळ्या मोजून, कुलपात ठेवा.

वर्षाला सहा तास मागतोय. शास्त्राच्या किंवा शारीरिक शिक्षणाच्या तासांतून काढा, सातवीपासून सुरू करा. सातवीला मावा आणि हुंगायची नशा, नववीला दारू, गांजा, गोळ्या, पुढं एमडी आणि इंजेक्शन. शिकवणाऱ्या सरांना आधी दोन दिवस नीट तयार करा, सीपीआरमधले डॉक्टर त्यासाठी येतील असं वाटतं, विचारायला काय हरकत आहे. 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हाही पोरं शिकली तर बिघडतील म्हणणारे होतेच.

दुपारी दोन ते चार माझं दुकान बंद असतं. बोलावलंत तर जेवणाची वेळ सोडून येईन, मानधन नको, हार तर नकोच. कोरे कागद आणि एक कुलूप असलेलं खोकं तेवढं ठेवा. आणि चिठ्ठ्या माझ्याआधी कुणी वाचायच्या नाहीत.

आपला,
मंगळवार पेठेतला एक औषध दुकानदार